अकरा बरण्या आणि विकलेलं तळघर

२०२१ च्या ऑक्टोबरात, रशियातल्या त्वेर शहरात, मी आणि खालच्या मजल्यावरच्या आजींनी मिळून अळंबीच्या अकरा बरण्या फेकल्या. एकाही बरणीचं झाकण फुगलेलं नव्हतं. वास चांगला होता, रंग खमंग तपकिरी होता, वर तेलाचा स्वच्छ थर होता. आजी तीस वर्षं हाच पदार्थ करत होत्या आणि तो खाऊन त्यांच्या घरात कधी कुणाचं पोटही दुखलं नव्हतं. तरी फेकल्या. का फेकल्या हे नीट लिहून ठेवायचं मनात होतं, कारण रत्नागिरीला आईला हे सांगितल्यावर तिने जो प्रश्न विचारला तो आपल्याकडची कुठलीही सुगरण विचारेल: "अगं, वर तेल होतं ना? मग बिघडेल कसं?"

त्वेर मॉस्कोपासून साधारण १७० किलोमीटरवर, व्होल्गा नदीच्या काठी आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तिथे गेलो. माझी पदवी अन्नतंत्रज्ञानाची, आणि त्याआधी चार वर्षं मी एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत काम केलेलं. आजी सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. जिना चढताना माझ्या हातातली पिशवी ओढून घेणाऱ्या. त्यांनीच मला जंगलात नेलं.

आपल्याकडे आगोटीची बेगमी असते तशी तिथे हिवाळ्याची असते. ऑगस्ट-सप्टेंबरात अख्खं शहर बादल्या आणि करंड्या घेऊन बर्च-पाइनच्या रानात शिरतं. या छंदाला तिथे 'शांत शिकार' म्हणतात, आणि खरोखरच माणसं चर्चमध्ये बोलावीत तशी रानात हळू बोलतात. गोळा केलेल्या अळंबीचं काही सुकवतात, काही मिठात घालतात, काही व्हिनेगरच्या पाण्यात. उरलेल्याची 'इक्रा' करतात. इक्रा म्हणजे खरं तर माशाची अंडी, पण बारीक दाणेदार भाज्यांच्या लगद्यालाही तेच नाव आहे. वांग्याची इक्रा, झुकिनीसारख्या भोपळ्याची इक्रा, तशी अळंबीची. काळ्या राय पावावर थंडच फासून खायची. हा 'थंडच' शब्द लक्षात ठेवावा, पुढे त्याचं काम आहे.

आमची अळंबी होती 'अप्याता'. कुजक्या बुंध्यावर झुबक्याने उगवणारी, मधाच्या रंगाची, देठावर झालरीसारखी कडी असलेली. नावातच रशियन भाषेतला बुंधा आहे. ती कच्ची बाधते, म्हणून आधी उकळून ते पाणी टाकून द्यायचं आणि पुन्हा उकळायचं. तिच्यासारखं दिसणारं, तसंच लाकडावर उगवणारं एक जीवघेणं अळंबही त्याच रानात असतं, आणि त्याचं विष शिजवून जात नाही. म्हणून मी एकही स्वतःच्या जबाबदारीवर तोडलं नाही. आजी प्रत्येक झुबका उलटा करून बघायच्या, झालर बोटाने चाचपायच्या आणि मगच करंडीत टाकायच्या. ओळखण्याच्या बाबतीत त्यांचा हात पक्का होता, त्याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती.

१९ सप्टेंबरला आम्ही इक्रा केली. वजनं माझ्या वहीत आहेत. साफ केलेली अप्याता साडेसात किलो. दोनदा उकळून निथळल्यावर उरली ४.४ किलो. कांदा १.३ किलो, गाजर ९०० ग्रॅम, सूर्यफुलाचं तेल अर्धा लिटर, मीठ १२० ग्रॅम, मिरी, तमालपत्र, शेवटी थोडा लसूण. कांदा-गाजर तेलात मऊ होईतो परतायचं, अळंबीबरोबर खिम्याच्या यंत्रातून काढायचं आणि जाड बुडाच्या पातेल्यात दीड तास रटरटत ठेवायचं. पाणी आटून डाव उभा राहू लागला की झालं. अर्ध्या लिटरच्या बारा बरण्या भरल्या. बरण्या वाफेवर निर्जंतुक केलेल्या, झाकणं उकळलेली, माल उकळता असतानाच भरलेला. वर चमचाभर कडक तेल, फिरकीचं पत्र्याचं झाकण घट्ट, बरणी उलटी, अंगावर घोंगडी. सकाळी सगळी झाकणं आत ओढली गेली होती.

त्या दिवशी मी एक प्रश्न विचारला होता: यात व्हिनेगर नाही? आजी म्हणाल्या, पूर्वी घालत असे, नातवंडांना आंबट आवडत नाही म्हणून सोडलं. मी गप्प बसले, कारण बरण्या नेहमीसारख्या दाचाच्या तळघरात जाणार असं मी धरून चालले होते. दाचा म्हणजे शहराबाहेरचं छोटं लाकडी घर, आणि त्याखाली जमिनीत खणलेलं तळघर. तिथे बटाटे, कोबी, बरण्या वसंतापर्यंत राहतात. आजोबा गेल्यावर आजींनी ते घर त्याच उन्हाळ्यात विकलं होतं. ते मला माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

१५ ऑक्टोबरला मी त्यांच्याकडे पोहे घेऊन गेले. ताटली काढायला त्यांनी स्वयंपाकघरातलं भिंतीतलं कपाट उघडलं आणि मला त्या बरण्या दिसल्या. कपाटामागून इमारतीच्या हीटिंगचा पाइप जातो. शहरात हीटिंग सुरू होऊन दहा दिवस झाले होते. मी घरून थर्मामीटर आणून आत ठेवला. २४ अंश. म्हणजे जवळजवळ चार आठवडे हवाबंद, आंबटपणा नसलेला, ओलसर पदार्थ उबदार कपाटात बसला होता. बारापैकी एक बरणी आम्ही पहिल्याच आठवड्यात खाल्ली होती. उरलेल्या अकरा समोर होत्या.

आता इथे भीती नेमकी कशाची, ते सांगते. मातीत 'क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम' नावाचा जिवाणू असतो आणि अळंबी मातीशी, कुजक्या पानांशी चिकटून वाढते. कितीही धुतली तरी त्याचे बीजाणू, म्हणजे झोपून तग धरणारं त्याचं टणक रूप, थोडेफार उरतात. बीजाणू खाल्ल्याने मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही. पण हवा नसेल, ओल असेल, आंबटपणा आणि मीठ कमी असेल आणि ऊब असेल, तर ते बीजाणू उगवतात आणि वाढता वाढता विष सोडतात. या विषाची सूक्ष्म मात्राही माणसाला पुरते. साधारण १२ ते ३६ तासांत डोळ्यांपुढे दोन-दोन दिसू लागतं, पापण्या मिटतात, तोंड कोरडं पडतं, गिळता येत नाही, आणि लुळेपणा वरून खाली उतरत श्वासाच्या स्नायूंपर्यंत येतो. ताप बहुधा नसतो, म्हणून आधी कुणाला अन्नावर संशयही येत नाही. घोड्याच्या रक्तद्रवापासून केलेलं प्रतिविष असतं, ते रक्तात फिरणारं विष निकामी करतं. नसांना आधीच चिकटलेलं विष मात्र ते सोडवत नाही. म्हणून वेळ महत्त्वाचा, आणि कित्येकांना आठवडेच्या आठवडे कृत्रिम श्वासावर ठेवावं लागतं. रशियात घरी बरणीबंद केलेली अळंबी हे या आजाराचं, म्हणजे बोट्युलिझमचं, जुनं, ओळखीचं कारण आहे.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे बरणी फुगलीच पाहिजे, वास आलाच पाहिजे असं काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी हातमोजे घालून एक बरणी उघडली. झाकण 'टक्' करून सुटलं, म्हणजे आतली पोकळी शाबूत होती. स्वयंपाकात ही आपण खूण मानतो: पोकळी पक्की म्हणजे माल पक्का. इथे तिचा अर्थ उलटा होता. हवा पक्की बाहेर राहिलेली होती, आणि या जिवाणूला नेमकं तेच हवं असतं. वरचं तेल टिपून काढलं, आतला लगदा थोड्या शुद्ध पाण्यात घोटला आणि आंबटपणा मोजणारा माझा जुना पीएच मीटर बुडवला. त्यात आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट. ६.२ आला. दोनदा मोजलं. या जिवाणूला रोखायचं तर आकडा ४.६ च्या खाली हवा. मिठाचा हिशेब कागदावर केला: सहा किलो मालात १२० ग्रॅम म्हणजे दोन टक्के, त्यातल्या पाण्याच्या मानाने धरलं तर अडीचच्या आसपास. नुसत्या मिठावर त्याच्या चिवट जातींना अडवायचं तर पाण्यात सुमारे दहा टक्के मीठ लागतं. इतकी खारट इक्रा कुणी खाणार नाही.

मग आईच्या तेलाचं काय? कैरीच्या लोणच्यात वर तेल असतं हे खरं, पण लोणचं टिकवतो तो कैरीचा आंबटपणा आणि सढळ मीठ. तेल फक्त वरची हवा अडवतं, त्यामुळे बुरशी धरत नाही. बुरशीला हवा लागते. बोट्युलिनमला हवा नकोच असते. म्हणजे आंबट नसलेल्या पदार्थावर तेल ओतून आपण त्याची सोयच करतो. हे नुसतं पुस्तकी नाही. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणातून ३६ जणांना हा आजार झाला. तो लसूण फ्रिजबाहेर ठेवलेला होता. आपल्याकडेही हल्ली तेलातला लसूण, तेलातली भाजलेली मिरची असल्या बरण्या ओट्यावर दिसतात. आंबट नसेल तर त्यांची जागा फ्रिजमध्ये, आणि तीही थोड्या दिवसांची. आईला मी हे तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "म्हणजे आपलं तेल राखण करतं, पण चोर घरातलाच असेल तर राखणदाराचा काय उपयोग." मला जे तीन फोनांत नीट सांगता आलं नव्हतं ते तिने एका वाक्यात सांगितलं.

आजींना सांगणं अवघड होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोरी, तीस वर्षं मी ही करते. माझी आई करायची. आमच्यात कुणी मेलं का?" या प्रश्नाला 'तुमचं नशीब' असं उत्तर मी दिलं नाही, आणि रात्रभर विचार केल्यावर ते उत्तर खरंही नाही हे माझ्या लक्षात आलं.

अन्नातून बाधणाऱ्या या जिवाणूच्या मुख्य दोन तऱ्हा आहेत. एका तऱ्हेचे बीजाणू फार चिवट. उकळत्या पाण्यात ते तासन्‌तास तग धरतात, त्यांना मारायला १२१ अंशांची दाबाखालची उष्णता लागते. पण ते थंडीला भितात, साधारण १० अंशांखाली उगवत नाहीत. दुसऱ्या तऱ्हेचे थंडीला भीत नाहीत, ३ अंशांनाही वाढू शकतात. पण ते उष्णतेला कच्चे, ९० अंशांवर दहा मिनिटांत जवळजवळ सगळे नाहीसे होतात. आता आजींची जुनी रीत बघा. दीड तास रटरटणं, म्हणजे दुसरी तऱ्हा संपली. मग थंड तळघर, म्हणजे पहिली तऱ्हा झोपलेली. शिवाय पूर्वी व्हिनेगर होतंच. कुणी न शिकवता त्या घरात दोन-तीन पहारे एकापुढे एक उभे होते. आधी व्हिनेगर गेलं, तरी तळघर होतं. आता तळघरही विकलं गेलं आणि फक्त उकळणं उरलं. तेही चिवट तऱ्हेपुढे निरुपयोगी. आजींची तीस वर्षं खोटी नव्हती, पण ती त्या तळघरातली तीस वर्षं होती. कपाटातल्या बरणीबद्दल त्यांतून काहीच कळत नव्हतं.

हे मी त्यांना कागदावर चित्र काढून सांगितलं. तळघराचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ते तळघर आजोबांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी खणलं होतं.

तरी त्यांनी एक तोडगा सुचवला, आणि तो वेडगळ नव्हता: बरण्या उघडून इक्रा पुन्हा उकळून खाऊ. तयार झालेलं विष उष्णतेने मोडतं हे खरं आहे, दहा मिनिटं खळखळ उकळलं तर ते निकामी होतं. मी तरी नाही म्हटलं. एक म्हणजे घट्ट लगदा चुलीवर कडेने उकळतो आणि मध्ये कोमटच राहतो. दुसरं, ही गोष्ट थंड खायची. नातू शनिवारी येतो, स्वतः बरणी उघडतो आणि चमचा चाटतो. अकरा बरण्यांपैकी प्रत्येक बरणीच्या वेळी प्रत्येक माणसाने नियम पाळायचा, यावर मी कुणाचा जीव टांगणार नव्हते. चव घेऊन बघू हाही मार्ग नव्हता, कारण बोटभर चवही पुरते.

त्या बरण्यांत विष होतं का? तपासणीला नमुना पाठवला नाही, आणि माझ्या मते त्याची गरज नव्हती. एका बरणीचा निकाल चांगला आला असता तरी उरलेल्या दहांबद्दल त्याने काही सांगितलं नसतं. बंद बरण्या जाड पिशव्यांत दुहेरी बांधून, गाठी मारून, उघडणाऱ्याला कळावं म्हणून वर मोठ्या अक्षरांत लिहून टाकल्या. उघडलेली बरणी पाण्यात पूर्ण बुडवून अर्धा तास उकळली आणि मगच टाकली. ओट्यावर ब्लीचचं पाणी फिरवलं, पुसायचं फडकंही टाकलं. आजी सगळा वेळ माझ्या शेजारी उभ्या होत्या. साडेसात किलो अळंबीसाठी त्या दोन दिवस कमरेत वाकल्या होत्या, हे आम्हा दोघींनाही ठाऊक असलेलं दुःख कुणी बोलून दाखवलं नाही.

पुढच्या वर्षी काय करायचं, यावर हिवाळाभर चर्चा झाली. आपल्या वाचकांच्या मनात येईल तेच माझ्या मनात आलं: प्रेशर कुकर. कुकरच्या शिट्टीखाली तापमान १२१ च्या जवळ जातं, मग बरण्या कुकरमध्ये का नाही? कारण तापमान कुकरच्या वाफेचं असतं, बरणीच्या मध्याचं नसतं. पातळ रसात उष्णता रसाबरोबर फिरते. घट्ट लगद्यात ती कणाकणाने सरकत जाते, मधला भाग फार उशिरा तापतो. आपला छोटा कुकर झटकन तापतो आणि झटकन निवतो, त्यामुळे बरणीला हवा तितका वेळ मिळत नाही. बरण्यांसाठीच्या मोठ्या दाबपात्राचे तपासलेले आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याने दिले आहेत. त्यांत लागवडीच्या बटण अळंबीच्या, पाण्यातल्या, छोट्या बरण्यांना दाबाखाली ४५ मिनिटं आहेत. रानातल्या अळंबीसाठी ते ही रीत सुचवतच नाहीत, आणि तेलातल्या घट्ट इक्रेला तो आकडा लावता येत नाही. शिट्ट्या मोजून हे काम कुणी करू नये.

व्हिनेगरचीही परीक्षा केली. विकतच्या अळंबीची थोडी इक्रा करून तिथलं नऊ टक्क्यांचं व्हिनेगर चमच्या-चमच्याने घातलं. अर्धा किलोला दोन मोठे चमचे घालूनही काटा ४.६ च्या खाली उतरला नाही, आणि जिथे उतरला तिथे आजींनी तोंड वाकडं केलं. तेलाने माखलेल्या कणांत आंबट सगळीकडे सारखं मुरलं याची खात्रीही घरच्या मीटरने देता येत नाही. ते सोडून दिलं.

बाल्कनी हा आजींचा लाडका पर्याय होता. जानेवारीत बाहेर उणे दहा असतं, फुकटचा फ्रीजर! पण त्वेरच्या हिवाळ्यात मध्येच चार दिवस बर्फ वितळतं, आणि काचेच्या बाल्कनीत दुपारचं ऊन आलं की आकडा शून्याच्या वर चढतो. मी आठवडाभर थर्मामीटर लावून त्यांना दाखवलं. त्यांनी स्वतःच मान हलवली.

शेवटी २०२२ च्या सप्टेंबरात आम्ही असं केलं. अप्याताचा निम्मा भाग उकळून, निथळून, कोरडा करून पिशव्यांत भरून गोठवला. उरलेल्याची नेहमीची इक्रा, व्हिनेगर न घालता, नातवाच्या आवडीची. पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून भरभर निववलं आणि २०० ग्रॅमच्या चपट्या डब्यांत, वर बोटभर जागा सोडून, उणे १८ अंशांत ठेवलं. डबा चपटा असला की लवकर गोठतो आणि लवकर सुटतो. २०० ग्रॅमचा असला की तीन दिवसांत संपतो. सोडवायचा तो फ्रिजमध्येच, ओट्यावर नाही, आणि सुटल्यावर तीन दिवसांपलीकडे ठेवायचा नाही. गोठवण्याने बीजाणू मरत नाहीत, ते फक्त थांबतात. म्हणून बाहेर काढल्यावर घड्याळ पुन्हा सुरू होतं. डब्यांवर तारीख आजींनी लिहिली. चवीत फरक? कांदा किंचित मऊ पडतो, लसूण थोडा उग्र होतो. लसूण गोठवण्याआधी घालायचा नाही, सुटल्यावर घालायचा, हे दुसऱ्या खेपेला कळलं. सुकवलेल्या पांढऱ्या अळंबीची मूठ भिजवून त्यात घातली की रानाचा वास परत येतो, ही भर आजींची.

रिकाम्या फिरकीच्या बरण्यांत त्यांनी त्या वर्षी आंबट सफरचंदांचा मुरंबा घातला. तो कपाटातच, पाइपाजवळ राहिला, आणि त्याला मी काही म्हटलं नाही.

२०२३ मध्ये आम्ही पुण्याला परत आलो. २०२४ च्या जूनमध्ये मॉस्को आणि आणखी काही शहरांत तयार सॅलड खाऊन शंभराहून जास्त लोक बोट्युलिझमने रुग्णालयात गेले. त्या संध्याकाळी आजींचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या मनात आलं, आता त्या म्हणतील, बघ, तू म्हणत होतीस. त्या तसं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला, पॅड-पेन्सिल पुढे ओढली आणि विचारलं, "मला सांग, त्या सॅलडमध्ये आंबट काय होतं? आणि ते ठेवलं कुठे होतं?"